उमापूरचें खत आणि बंगालचा उपसागर

पेरलेलें बीं उगवलें नाहीं तर शेतकरी दुकानदारास जाब विचारतो. गोठ्यांतून बैल चोरीस गेला तर पोलिस ठाण्यावर वर्दी देतो. परंतु खताच्या दर तीन पोत्यांपैकीं निदान एक पोतें दरवर्षीं त्याच्या शेतांतून निघून जातें, त्याची फिर्याद कोणी करीत नाहीं; कारण तें जातांना दिसत नाहीं. तें कोणत्या वाटेनें जातें, शेवटीं कोठें पोंचतें, तेथें काय करतें, आणि त्याचें जाणें कमी करणें आपल्या हातीं कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय वरवर पाहतां समुद्राचा व कोळ्यांचा वाटेल. पण त्याचें एक टोंक गेवराई तालुक्यांतील उमापुरासारख्या गांवच्या काळ्या रानांत आहे, हें वाचकांच्या ध्यानांत लवकरच येईल.

पाण्याची वाट

उमापूरच्या माणसास समुद्र म्हटला म्हणजे मुंबई आठवते. परंतु उमापूरच्या शिवारांतील पाणी मुंबईकडे जात नाहीं. सह्याद्रीच्या पूर्वेस आपल्या भागांत पडलेला पाऊस पूर्वेकडेच वाहतो. येथील ओढ्यानाल्यांचें पाणी अखेर गोदावरीस, म्हणजे ज्या नदीस आपण गंगथडीचे लोक गंगाच म्हणतों तिला मिळतें. तालुक्याच्या उत्तरेस राक्षसभुवनाजवळून ती वाहते. तालुक्याच्या दक्षिणेकडील पाणी सिंदफणेवाटें मंजरथ येथें तिला येऊन मिळतें. पुढें गंगाखेड, नांदेड, बासर अशी वाट काढीत ती कालेश्वरापाशीं प्राणहितेस भेटते आणि भद्राचलम्, राजमहेंद्री ओलांडून धवळेश्वरम् येथें येते. तेथें आर्थर कॉटन यांनीं 1852 सालीं पुरा केलेला बंधारा होता. त्याच्या जागीं आतां नवें बांधकाम आहे. त्याच्याखालीं गौतमी, वसिष्ठा इत्यादि फांट्यांनीं नदी बंगालच्या उपसागरास मिळते. त्र्यंबकेश्वरापासून सागरापर्यंत तिची लांबी 1,465 किलोमीटर आहे, आणि तिच्या तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या महाराष्ट्रांत आहे. तेव्हां राजमहेंद्रीच्या खालीं जें पाणी समुद्रांत पडतें, त्यांत आपलें पाणी आहे. आणि आपल्या पाण्यांत आपलें खत आहे.

खतांतील द्रव्यांपैकीं येथें दोहोंचाच विचार करावयाचा आहे: नत्र आणि स्फुरद. या दोहोंचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून राहतें. माती हलली तरच तें हलतें. म्हणून धूप थांबली कीं स्फुरदाची गळतीहि पुष्कळशी थांबते. वाटेवरील मोठीं धरणें, 1976 सालीं पुरें झालेलें पैठणचें नाथसागर, माजलगांव, नांदेडचें विष्णुपुरी, तेलंगणांतील पोचंपाड, गाळाबरोबर स्फुरदहि पुष्कळ अडवितात. नत्राची गोष्ट निराळी. अमोनियाच्या रूपांत असतां तें चिकण मातीस धरून राहतें. परंतु जमिनींतील सूक्ष्म जंतु कांहीं आठवड्यांतच त्याचें नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाण्यांत मिठासारखें विरघळतें. त्यास माती धरीत नाहीं आणि धरणाची भिंतहि पुरतेपणीं अडवीत नाहीं.

नत्र निसटतें कसें

आतां शेतांतच पाहूं. युरियांत शेंकडा 46 नत्र असतें. म्हणजे 45 किलोंच्या एका पोत्यांत सुमारें 20.7 किलो. यांतील किती पिकाच्या उपयोगीं पडतें, हें जमीन, पाऊस व खत देण्याची रीत यांवर अवलंबून असतें. पण साधारणपणें निम्मे, आणि हयगय झाली तर तिसरा हिस्साच, असा अनुभव आहे. उरलेल्यापैकीं कांहीं जमिनींत राहतें; बाकीचें तीन वाटांनीं जातें.

पहिली वाट हवेची. आपली काळी जमीन चुनखडीची व विम्ल आहे. तिच्यावर उन्हांत युरिया फेंकून तसाच उघडा ठेवला तर त्याचा अमोनिया होऊन तो उडून जातो. दुसरी वाटहि हवेचीच, पण पाणथळ शेतांतील. काळ्या रानांत पाणी तुंबलें म्हणजे मातींतील प्राणवायु संपतो, आणि मग जंतु नायट्रेटांतील प्राणवायु वापरून नत्र वायुरूपानें सोडून देतात. त्यांतील थोडा भाग नायट्रस ऑक्साइड या वायूचा असतो. हा वायु पृथ्वी तापविण्याच्या कामीं कर्बवायूच्या सुमारें 270 पट प्रबळ आहे. तिसरी वाट पाण्याची. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस ज्या हातभर खोल भेगा पडतात, त्यांतून पहिल्या मोठ्या पावसाचें पाणी सरळ खालीं उतरतें आणि नायट्रेट घेऊन विहिरीस व नाल्यास मिळतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरास 45 मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट नसावें, असें भारतीय मानक सांगतें. कारण तान्ह्या मुलांच्या रक्तांतील प्राणवायु वाहण्याची शक्ति त्यानें कमी होते. म्हणजे हें गेलेलें खत समुद्राच्या आधीं आपल्याच विहिरींत उतरतें, हें विसरतां कामा नये.

समुद्रांत काय घडतें

ज्या गांवतळ्यांत गुरें बसतात व गांवचें सांडपाणी येतें, तें उन्हाळ्यांत हिरवेंगार होतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. अशा तळ्यांतील मासे कधीं कधीं पहांटे पाण्यावर येऊन तोंडें उघडीत असतात आणि सकाळीं मरून तरंगतांना दिसतात. त्याचें कारण विष नव्हे, खत होय. नत्र व स्फुरद मिळतांच पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ अतोनात वाढतें. तें मेलें म्हणजे तळाशीं जाऊन कुजतें, आणि कुजण्याच्या क्रियेस प्राणवायु लागतो. रात्रीं सूर्यप्रकाश नसल्यानें नवा प्राणवायु उत्पन्न होत नाहीं. कुजणें मात्र चालूच राहतें. माशांच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं.

हाच प्रकार मोठ्या नद्यांच्या मुखांशीं मोठ्या प्रमाणांत होतो. तेथें आणखी एक गोष्ट घडते. नदीचें गोडें पाणी हलकें व समुद्राचें खारें पाणी जड असल्यामुळें गोडें पाणी वर झांकणासारखें पसरतें. वरच्या हवेंतील प्राणवायु खालच्या थरास पोंचत नाहीं, आणि वरून मेलेलें शेवाळ मात्र खालीं पडत राहतें. मग तळाजवळचें पाणी निर्जीव होतें. पळूं शकणारे मासे पळतात, आणि शिंपले, खेकडे व तळचे जीव मरतात. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेंत जगाच्या किनाऱ्यांवर अशीं 400 हून अधिक ठिकाणें मोजलीं गेलीं. अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या मुखाशीं मेक्सिकोच्या आखातांत 2017 सालीं असा मृत पट्टा सुमारें 22,700 चौरस किलोमीटरांचा झाला होता. आपल्या बीड जिल्ह्याच्या दुपटीहून तो मोठा होता.

आपल्या समुद्रांकडे पाहूं. पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटीं खोलचें, प्राणवायु थोडा असलेलें पाणी निसर्गतःच वर येतें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं 2000 सालीं असें दाखविलें कीं, तेथील प्राणवायूचा तुटवडा तीव्र होऊं लागला असून त्यांतून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणांत निघतो. जमिनीवरून येणारें नत्र हें त्याचें एक संभाव्य कारण त्यांनीं सांगितलें. बंगालच्या उपसागराची स्थिति याहून नाजूक आहे. तेथें 100 मीटरांच्या खालीं एक विस्तीर्ण थर असा आहे कीं, त्यांत प्राणवायूचा केवळ मागमूस उरला आहे. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचें तात्पर्य असें कीं, हा मागमूसच तेथील नत्राचें संतुलन सांभाळून आहे. अधिक खतद्रव्यें आलीं तर तोहि नाहींसा होऊन समुद्राचा सारा व्यवहार बदलूं शकेल. भरलेल्या मापट्यावर शेवटचा दाणा पडावा आणि रास घसरावी, तशी ही अवस्था आहे.

ताटांतील पालट

समुद्रांत जाणारें नत्र शेतांत येतें कशासाठीं? अन्नासाठीं. म्हणून आपण काय खातों, याचा या प्रश्नाशीं निकटचा संबंध आहे. प्रथिनांत शेंकडा 16 भाग नत्र असतें. प्रौढ मनुष्य रोज सुमारें 60 ग्रॅम प्रथिनें खातो असें धरलें तर वर्षास साडेतीन किलो नत्र त्याच्या पोटांत जातें. आणि वाढ पुरी झालेल्या शरीरांत तें सांठून राहत नसल्यामुळें तितकेंच बाहेर पडतें. जुन्या काळीं हें नत्र गांवच्या शिवारांतच फिरत असे. खाल्लेली भाकरी शिवारांतील, वरण शिवारांतील, ताक घरचें. आणि सारी घाण पुन्हां शिवारांतच. शहरांतून सुद्धां सोनखत करून तें उसाच्या मळ्यांस विकीत असत.

हें वर्तुळ आतां चार ठिकाणीं तुटलें आहे. पहिलें, धान्य बदललें. बाजरी व ज्वारी ताटांतून मागें सरून गहूं व तांदूळ पुढें आले. ते बहुधा दूरच्या पाटपाण्याच्या मुलखांत भरपूर युरियावर पिकतात. 1950-51 सालीं सर्व हिंदुस्थानांत मिळून रासायनिक खतांतील सुमारें 70 हजार टन अन्नद्रव्यें वापरलीं गेलीं. 2020-21 सालीं तोच आंकडा 325 लाख टनांच्या घरांत गेला. या खतानें देशाची उपासमार टाळली, हें आम्हीं मोकळ्या मनानें मान्य करतों. पण त्याचा किती भाग पोटांत व किती पाण्यांत गेला, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं.

दुसरें, साखर. कालव्याच्या पाण्यावर उसाचें क्षेत्र वाढलें. सुरू उसास हेक्टरीं 250 किलो नत्राची शिफारस आहे आणि आडसाली उसास 400 किलोंची. कोरडवाहू रब्बी ज्वारीस याचा अगदीं लहानसा हिस्सा पुरतो. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, साखरेंत नत्र मुळींच नसतें! म्हणजे उसास दिलेल्या नत्राचा एक कणहि साखरेवाटें माणसाच्या तोंडीं लागत नाहीं. तें वाढ्यांत, पाचटांत, मळींत राहतें, किंवा पाण्यांतून जातें. पाचट जाळलें तर त्यांतील नत्र धुराबरोबर जातें.

तिसरें, दूध, अंडीं व मांस. 1950-51 सालीं देशांत 170 लाख टन दूध व 183 कोटि अंडीं होत असत. 2022-23 सालीं दूध 2,306 लाख टनांवर आणि अंडीं 13,838 कोटींवर गेलीं. वैरणींतील व पेंडींतील नत्राच्या शंभर भागांपैकीं गाय वीस-पंचवीस भागच दुधांत देते. बाकीचे शेणांत व मुतांत जातात. कोंबडी गाईपेक्षां काटकसरी आहे, पण तिचाहि निम्म्याहून अधिक भाग विष्ठेंतच जातो. उलट तुरीची डाळ मनुष्यानें सरळ खाल्ली तर मधला हा तोटा होत नाहीं. शिवाय तुरीच्या मुळांवरील गांठी हवेंतून नत्र घेतात, ती गोष्ट निराळीच. पाश्चात्य देशांत हा फरक फार ठळक दिसतो. मिसिसिपीच्या खोऱ्यांतील बहुतेक मका माणसें खात नाहींत. तो जनावरांस व मोटारींच्या इंधनास जातो. बाल्टिक समुद्राच्या कांठच्या डेन्मार्क देशांत माणसांपेक्षां डुकरें अधिक आहेत, आणि त्या समुद्राच्या तळाचा मोठा भाग प्राणवायूवांचून आहे.

येथें गैरसमज होऊं नये. आमच्या गोरगरिबांच्या मुलांना दूध व अंडीं हवींतच. त्यांच्या ताटांत प्रथिनें कमी आहेत, अधिक नाहींत. दूध हा दोष नव्हे. गोठ्यांतील शेणमूत शेतास परत गेलें तर वर्तुळ पुरें होतें. तें शहराच्या नाल्यांत किंवा पावसांत भिजणाऱ्या उघड्या उकिरड्यांतून ओढ्यांत गेलें तर तुटतें. दोष आहे तो या तुटण्याचा.

चौथें, शहरें. 2011 च्या जनगणनेंत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपांच लाख होती. माणशीं साडेतीन किलो धरले तर या एका शहरांतून वर्षास सुमारें 1,925 टन नत्र बाहेर पडतें. म्हणजे युरियाचीं सुमारें 93 हजार पोतीं! त्याच नदीवरील नाशिक तर याहून कितीतरी मोठें. सांडपाणी नुसतें गाळून व निवळून सोडलें तर त्यांतील नत्र फारसें कमी होत नाहीं. म्हणून सारा दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु दुसऱ्याचें घर गळतें म्हणून आपलें छप्पर शाकारूं नये, असें थोडेंच आहे?

आभाळांतील पालट

ताटांतील पालटानें जमिनीवर नत्र किती येतें हें ठरतें. तें समुद्रास केव्हां व कसें पोंचतें, हें पाऊस ठरवितो. हवा एक अंश तापली कीं ती सुमारें शेंकडा 7 अधिक बाष्प धरूं शकते. त्यामुळें पाऊस थांबतो तेव्हां लांबतो, आणि येतो तेव्हां कोसळतो. मध्य हिंदुस्थानच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग 1950 ते 2015 या काळांत सुमारें तिप्पट झाले, असें 2017 सालच्या अभ्यासांत दिसून आलें. मराठवाड्यास याचा पडताळा निराळा द्यावयास नको. 2012 व 2015 सालचें अवर्षण, 2016 च्या सप्टेंबरांतील मुसळधार, 2021 व 2025 या दोन्ही सालच्या सप्टेंबरांतील महापूर हे सर्वांच्या स्मरणांत आहेत.

आतां खताच्या दृष्टीनें याचा अर्थ पाहूं. अवर्षणाच्या वर्षीं पीक खुरटतें. दिलेलें नत्र तें घेत नाहीं. तें नायट्रेट होऊन कोरड्या जमिनींत सांठतें. पुढच्या सालीं पहिला जोराचा पाऊस आला कीं पीक लहान असतांनाच हें सारें वाहून जातें. म्हणजे दुष्काळांत ज्याचें पीक गेलें, त्याचें खत पुढील अतिवृष्टींत जातें. आणि त्या अतिवृष्टीनें मातीहि खरडून नेली तर स्फुरदहि जातें. शेतकऱ्यास एकाच आपत्तीचा दंड तीनदां भरावा लागतो.

समुद्राकडेहि उष्णतेचा परिणाम होतोच. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो: 20 अंश उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यांत साडेसातच. शिवाय वरचें पाणी तापून आणखी हलकें झाल्यानें पूर्वीं सांगितलेलें झांकण अधिक घट्ट बसतें. 1960 पासूनच्या अर्ध्या शतकांत जगांतील सर्व महासागरांनीं मिळून आपल्या प्राणवायूचा सुमारें शेंकडा 2 भाग गमावला आहे. गोदावरीच्या मुखाशीं असें दिसतें कीं, पुराचें गढूळ पाणी वाहत असतां शेवाळ वाढत नाहीं. पण पूर ओसरून पाणी निवळलें, ऊन आंत शिरलें, कीं मागें राहिलेल्या खतावर तें झपाट्यानें वाढतें. म्हणजे अधिक नत्र, तेंहि एकदम, आणि तेंहि पूर्वींपेक्षां कमी सोसणाऱ्या समुद्रांत, असा हा तिहेरी योग आहे. प्रत्येक कारण एकेकटें असतें तर कदाचित् निभावलें असतें. तीं एकमेकांस हात देतात म्हणून प्रश्न कठीण झाला आहे.

तरी हा बिघाड सुधारत नाहीं असें नाहीं. काळ्या समुद्राच्या वायव्य भागांत 1980 नंतरच्या दशकांत मृत पाण्याचा पट्टा 40 हजार चौरस किलोमीटरांपर्यंत वाढला होता. 1991 सालीं सोव्हिएट राज्य कोसळलें. त्या सुमारास तेथील शेतीस खत व मोठ्या पशुशाळांस खाद्य मिळेनासें झालें. पुढील कांहीं वर्षांतच तो पट्टा जवळजवळ नाहींसा झाला. तेथील शेतकऱ्यांची झालेली दैना कोणी इच्छिणार नाहीं. पण खताचा ओघ आटला कीं समुद्र सावरूं लागतो, हें त्यावरून सिद्ध झालें. दैना न होतां ओघ आटविणें, हें आपलें काम आहे.

आपल्या हातीं काय आहे

यासाठीं नवें यंत्र किंवा मोठें भांडवल लागत नाहीं. जें नत्र आज वाहून जातें तें शेतांतच राहील असें करावयाचें आहे. आणि तें राहिलें तर पहिला नफा शेतकऱ्याचाच आहे.

एक, मात्रा व वेळ. युरियाचें पोतें सरकारी अनुदानामुळें स्वस्त पडतें, म्हणून हात सैल सुटतो. मातीची तपासणी करून, घातलेल्या शेणखताचा हिशेब धरून मगच मात्रा ठरवावी. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या शिफारशी याकामीं उपलब्ध आहेत. सर्व नत्र पेरणीबरोबर न देतां दोन-तीन हप्त्यांत, पीक मागेल तेव्हां द्यावें. हवामानखात्यानें दोन दिवसांत मोठा पाऊस सांगितला असेल तर हप्ता पुढें ढकलावा. खत फेंकूं नये. ओळीजवळ पेरून मातीनें झांकावें. 2015 पासून देशांत युरियास निंबाचें तेल चोळूनच तो विकावा असा दंडक झाला. त्यानें नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. आपल्या वाडवडिलांची निंबोळी पेंडहि हेंच काम करीत असे.

दोन, पिकांची फेरपालट. कपाशींत व सोयाबीनमध्यें तुरीच्या ओळी असाव्यात. बदनापूरच्या संशोधन केंद्रानें काढलेली बीडीएन 711 ही तूर लवकर तयार होते, त्यामुळें परतीचा पाऊस चुकला तरी ती हातीं लागते. रब्बीची ज्वारी तर या बाबतींत फारच उपयोगी आहे. खरिपानंतर जमिनींत उरलेलें नायट्रेट तिचीं खोल जाणारीं मुळें शोधून घेतात. आणि शास्त्रज्ञांना असें आढळून आलें आहे कीं, ज्वारीच्या मुळांतून असे रस पाझरतात, जे अमोनियाचें नायट्रेट होण्यास अडथळा करतात. उसानंतर ऊस घेण्यापेक्षां मध्यें ताग, धैंचा किंवा हरभरा घ्यावा. पाचट जाळूं नये, सरींत कुजवावें.

तीन, माती धरणें. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा व सरी, बांधावर गवत, आणि शेताच्या खालच्या अंगास शेततळें. ज्या पाण्यास चालावयास लावलें तें खत नेत नाहीं. जें धांवतें तेंच नेतें.

चार, उकिरडा. पावसाळ्यांत उघड्या उकिरड्यांतून निघणारें काळें पाणी हें शेणखताचें सार होय. खड्डा उंचवट्यावर घ्यावा, त्यावर पाचटाचें का होईना छप्पर असावें, आणि गोठ्यांतील मूत मातींत किंवा भुशांत जिरवून त्यांतच टाकावें. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वींच दाखवून दिली होती. अजून कित्येक गांवांत ती करून पाहण्याचीच राहिली आहे.

पांच, ताट. बाजरीची व ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी, तूर हें गरिबीचें लक्षण नव्हे. 2023 हें वर्ष सर्व राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें. जें आपण खाऊं त्यास भाव येईल, आणि ज्यास भाव येईल तेंच शेतकरी पेरील. म्हणून रास्त दुकानांत व शाळेच्या आहारांत आपल्या शिवारांतील ज्वारी-बाजरी व डाळी याव्यात, अशी मागणी शेतकरी मंडळांनीं नेटानें केली पाहिजे; आणि शहरांचें सांडपाणी शुद्ध होऊन शेतांस मिळावें, ही मागणीहि तिच्याच जोडीस हवी.

कोणी म्हणेल कीं, एका उमापुरानें काय होणार? हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या कोळ्याचें जाळें आमच्या चार पोत्यांनीं भरणार कीं रिकामें राहणार? त्यास आमचें उत्तर असें. गोदावरीच्या खोऱ्यांत उमापुरासारखींच गांवें आहेत. खोरें म्हणजे त्यांची बेरीजच. आणि कोळ्याचा विचार बाजूस ठेवला तरी विहिरीचा व खिशाचा विचार उरतोच. म्हणून प्रत्येक शेतकरी बंधूनें येत्या खरिपापासून एक लहानसें टांचण ठेवावें. शेतांत किती पोतीं गेलीं, तें एका बाजूस. पिकाबरोबर किती नत्र घरीं आलें, तें दुसऱ्या बाजूस. ज्वारीच्या क्विंटलांत सुमारें 1.7 किलो, बाजरीच्या 1.8, गव्हाच्या 2 आणि तुरीच्या साडेतीन किलो नत्र असतें. कडबा घरींच राहिला तर त्यांतील नत्र उकिरड्यावाटें परत येतें. दोन बाजूंतील अंतर दोन-तीन वर्षें सारखें मोठें दिसलें, तर तितकें खत आपण विकत घेऊन गंगेस वाहिलें असें समजावें, आणि पुढल्या हंगामांत निदान अर्धें पोतें कमी करून पाहावें. पीक घटलें नाहीं, तर त्या अर्ध्या पोत्याचे पैसे घरांत राहतील, आणि विहिरीसहि त्याचा उपद्रव होणार नाहीं. समुद्राचें हित यांतच आहे.